जमिनीपासून किती वर?

जालन्यात गाडी घ्यायला निघालेलं कुटुंब किंमत आणि मायलेज विचारून झालं की ग्राउंड क्लिअरन्सवर येतं. त्याला कारण आहे. पावसाळ्यात घनसावंगी-परतूरकडच्या पाणंद रस्त्यांवर काळी माती चाकं धरून ठेवते, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो आणि गावाच्या तोंडाशी लोकांनीच घातलेले गतिरोधक कुठल्याही मापात बसत नाहीत. म्हणून १६३ मिलिमीटरची स्विफ्ट पाहून झाल्यावर नजर २०८ मिलिमीटरच्या नेक्सॉनकडे वळते. गाडी जितकी वर, तितका जीव निर्धास्त.

अशाच एखाद्या घरातला कॉलेजात जाणारा मुलगा अभ्यासाच्या टेबलाला स्टिअरिंग आवळून बसतो, पायाशी पेडल ठेवतो आणि कॉम्प्युटरवरच्या रेसिंग कारची पुढची उंची ६२ मिलिमीटरवरून ६० वर आणतो. दोन मिलिमीटर. मग फेरी मारतो, वेळ बघतो आणि पुन्हा गॅरेजमध्ये येऊन मागची उंची एक मिलिमीटरने वाढवतो. बघणाऱ्याला हा खेळ वाटेल. खरं तर तो मुलगा त्या वेळी मोटार रेसिंगमधल्या सगळ्यात अवघड प्रश्नांपैकी एकाशी झुंजत असतो: गाडी जमिनीच्या किती जवळ न्यायची, आणि कुठे थांबायचं?

सिम रेसिंग हा साधा मोबाइल गेम नव्हे. अमेरिकेतलं ‘आयरेसिंग’ २००८ साली सुरू झालं, इटलीतल्या कुनोस सिम्युलाझिओनीचं ‘असेटो कोर्सा’ २०१४च्या सुमारास पूर्ण रूपात आलं. अशा सॉफ्टवेअरमध्ये टायर, स्प्रिंग, वजन आणि हवेचा दाब यांचं गणित सेकंदाला शेकडो वेळा सोडवलं जातं. बरेच ट्रॅक लेझरने मोजून घेतलेले असतात, त्यामुळे खऱ्या ट्रॅकवर जिथे खळगा आहे तिथेच पडद्यावरही गाडी उडी खाते. गाडीचा जवळजवळ प्रत्येक नट फिरवायची मुभा असते. त्यात ‘राइड हाइट’, म्हणजे गाडीचा तळ आणि रस्ता यांमधलं अंतर, हा आकडा वरवर सगळ्यात साधा दिसतो आणि नवख्यांना सगळ्यात जास्त फसवतो.

आधी डाउनफोर्स म्हणजे काय ते पाहू. समृद्धी महामार्गाचा काही भाग जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. तिथे गाडी ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेला पोचली की हवेचा आवाज वाढतो आणि काही गाड्यांचं स्टिअरिंग किंचित हलकं लागतं. बहुतेक साध्या मोटारींच्या टपावरून जाणारी हवा वळसा घेताना वेग पकडते, तिथला दाब घटतो आणि गाडी थोडीशी वर उचलली जाते. रेसिंग कारमध्ये नेमकं उलटं घडवून आणायचं असतं. हवेनेच गाडी रस्त्यावर दाबली, तर टायरची पकड वाढते आणि गाडीचं वजन मात्र एक किलोनेही वाढत नाही. ती पकड वळणावर वेगाच्या रूपाने वसूल होते. हा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत बदलतो: वेग दुप्पट, तर दाब चौपट.

मागे दिसणारा मोठा पंख हे या दाबाचं दर्शनी रूप आहे. खरी कमाई खाली, तळाशी होते, आणि तिथलं तत्त्व जालन्याच्या मोसंबी बागायतदाराला वेगळं सांगायला नको. ठिबकातून विद्राव्य खत सोडायला तो जी व्हेंच्युरी बसवतो, तिच्यात पाइपाचा गळा मध्येच अरुंद होतो, पाणी तिथून जोरात धावतं, दाब घसरतो आणि बादलीतलं खत आपोआप ओढलं जातं. रेसिंग कारचा तळ आणि डांबर यांच्या मधली फट म्हणजे असाच अरुंद गळा. हवा तिथून वेगाने सरकते, खालचा दाब वरच्या दाबापेक्षा कमी होतो आणि अख्खी गाडी खाली खेचली जाते. गाडी जमिनीच्या जवळ आणली की गळा अरुंद होतो आणि ओढ वाढते. पण बागायतदाराला हेही ठाऊक असतं की आत आणि बाहेरच्या दाबातला फरक बिघडला तर व्हेंच्युरी खत ओढायचं सोडते, कधी तर पाणीच उलटं बादलीत येतं. गाडीचंही तसंच होतं. जमिनीला आणि तळाला चिकटून मंद वाहणारे हवेचे थर एकमेकांना भिडले की मधली वाट कोंडते, ओढ एकदम मोडते आणि हातातली पकड गायब होते. म्हणजे ‘जितकी खाली तितकी चांगली’ हा नियम एका ठरावीक उंचीपर्यंतच खरा आहे. त्या उंचीच्या खाली कडा आहे.

हे ज्ञान माणसाला मिळालं ते जवळजवळ अपघाताने. १९७०च्या दशकाच्या मध्यात फॉर्म्युला वनमधल्या लोटस संघाचे पीटर राइट आणि त्यांचे सहकारी लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या पवनबोगद्यात गाडीची छोटी प्रतिकृती तपासत होते. खाली सरकता पट्टा, वर मॉडेल. आकडे काही केल्या स्थिर येईनात. बारकाईने पाहिल्यावर लक्षात आलं की वेग वाढला की मॉडेलच्या दोन्ही बाजूंचे भाग वाकून पट्ट्याच्या जवळ जात होते आणि जवळ गेले की दाब आणखी वाढत होता. मग त्यांनी कडेची फट पुठ्ठ्याने बंद केली आणि डाउनफोर्स कितीतरी वाढला. त्यातून १९७७ची लोटस ७८ आणि पाठोपाठ लोटस ७९ जन्मली, आणि १९७८ साली मारिओ आंद्रेत्ती या गाड्यांच्या जोरावर जगज्जेता झाला. १९७९ची लोटस ८० त्याच वाटेवर आणखी पुढे गेली आणि फसली: वेगात ती वरखाली उसळू लागली. त्या उसळीकडे पुन्हा यावं लागेल.

नियम करणाऱ्यांनी १९८१ साली ठरवलं की गाडीचा तळ जमिनीपासून किमान ६ सेंटिमीटर वर हवा. पण मोजायचं कधी? गाडी पिटमध्ये उभी असताना. ब्रॅबमचे अभियंते गॉर्डन मरे यांनी हा शब्द अचूक पकडला. त्यांनी अशी हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शन बसवली की वेगात हवेच्या दाबानेच गाडी खाली बसायची आणि फेऱ्या संपवून हळू परत येताना पुन्हा वर यायची. मोजपट्टीला ६ सेंटिमीटर, ट्रॅकवर त्याहून कितीतरी कमी. ब्रॅबमचाच चालक नेल्सन पिके त्या वर्षीचा जगज्जेता ठरला. सिम रेसिंग शिकणाऱ्या प्रत्येकाने हा किस्सा आधी ऐकायला हवा, कारण राइड हाइटचा गाभाच त्यात आहे. गॅरेजच्या पडद्यावर दिसते ती उभ्या गाडीची उंची. निकाल ठरवते ती धावत्या गाडीची.

आकड्यांत पाहू. समजा, एका जीटी गाडीच्या पुढच्या दोन चाकांवर ताशी २४० किलोमीटरला मिळून ३०० किलो वजनाइतका हवेचा दाब पडतो. प्रत्येक चाकाच्या वाट्याला १५० किलो. चाकापाशी मोजलेली स्प्रिंगची ताठरता मिलिमीटरला १५ किलो असेल, तर नाक १० मिलिमीटर खाली जाईल. गॅरेजमध्ये ६० असलेली उंची सरळ रस्त्याच्या शेवटी ५० झाली. तीच गाडी १२० च्या वळणावर आली की दाब पावपट होतो, नाक फक्त अडीच मिलिमीटर दबतं आणि उंची साडेसत्तावन्न. म्हणजे जिथे वळायला पकड हवी, तिथे तळ जमिनीपासून लांब! आता स्प्रिंग ताठ करून मिलिमीटरला २५ किलोची घेतली, तर २४० ला नाक ६ मिलिमीटरच दबेल. मग उभ्या गाडीची उंची ५६ ठेवता येते. सरळ रस्त्याच्या शेवटी पुन्हा ५०, पण १२० च्या वळणावर साडेचौपन्न. तीन मिलिमीटरची ही कमाई राइड हाइटच्या बटणातून मिळालेली नाही, ती स्प्रिंगमधून आली. तिची किंमतही आहे: ताठ स्प्रिंगची गाडी खडबडीत रस्त्यावर आणि ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर उड्या मारते आणि टायर डांबर सोडतो. मधला मार्ग म्हणून ‘बंप स्टॉप’ वापरतात. सस्पेन्शन ठरावीक अंतर दबलं की हा रबरी अडसर लागतो आणि पुढची घसरण रोखतो. त्याआधी मऊ स्प्रिंग आपलं काम करत राहते.

पुढची आणि मागची उंची सारखी नसते, हा दुसरा पेच. रेसिंग कार बहुधा नाकाकडे झुकलेली असते. या झुकावाला ‘रेक’ म्हणतात. मागची बाजू जरा वर केली की पुढचा स्प्लिटर, म्हणजे नाकाखालची आडवी पट्टी, जमिनीकडे झुकतो, मागच्या डिफ्युझरला, म्हणजे तळाच्या वर उचलत गेलेल्या शेवटच्या भागाला, पसरायला जास्त जागा मिळते आणि दाबाचा तोल पुढे सरकतो. वेगाच्या वळणावर गाडीचं नाक वळत नसेल, तर सिममधले अनुभवी खेळाडू पुष्कळदा आधी पंखाला हात न लावता मागची उंची एक-दोन मिलिमीटरने वाढवून बघतात. मात्र ब्रेक मारला की नाक आणखी बुडतं आणि मागची बाजू उचलली जाते. तोल पुढे धावतो आणि शेपूट सुटायला बघतं. वळणातून बाहेर पडताना उलट: ॲक्सिलरेटर दिला की मागची बाजू बसते, नाक उठतं आणि गाडी बाहेरच्या कडेकडे ओढली जाते. एका वळणाच्या तीन टप्प्यांत हवेने तीन वेगळ्या गाड्या बनवलेल्या असतात. चालवणाऱ्याला वाटतं टायर बिघडले. बिघडलेली असते ती उंची.

हा परिणाम उलट्या दिशेलाही जातो, आणि तिकडे जीवघेणा होतो. १९९९च्या ल मान्स शर्यतीच्या आठवड्यात मर्सिडीजची सीएलआर गाडी तीनदा हवेत उडाली. मार्क वेबरच्या हाती दोनदा, आणि प्रत्यक्ष शर्यतीत पीटर डम्ब्रेकच्या हाती एकदा. ती तर ट्रॅकबाहेरच्या झाडांत जाऊन पडली. चढाच्या माथ्यावर, पुढच्या गाडीच्या मागे हवा विस्कटलेली असताना नाक जरासं उचललं गेलं, तळाखाली हवा शिरली आणि खाली दाबणारा पृष्ठभागच वर उचलणारा झाला. दोघेही वाचले, हे नशीब. मर्सिडीजने उरलेली गाडी शर्यतीतून मागे घेतली.

आता त्या उसळीकडे. २०२२ साली फॉर्म्युला वनने नियम बदलून तळाखाली व्हेंच्युरीचे बोगदे परत आणले. फेब्रुवारीत बार्सिलोनाला पहिली चाचणी झाली आणि सरळ रस्त्यावर गाड्या वरखाली थडथडू लागल्या. याला ‘पॉर्पॉइझिंग’ म्हणतात. दाबाने गाडी खाली जाते, जवळ गेल्याने दाब वाढतो, गाडी आणखी खाली जाते, हवेची वाट कोंडते, दाब सुटतो, स्प्रिंग गाडीला वर फेकते आणि चक्र पुन्हा सुरू. जगातले सगळ्यात महागडे सिम्युलेटर हाताशी असूनही संघ यात सापडले. कारणही तसंच आहे: नियमानुसार पवनबोगद्यातलं मॉडेल जास्तीत जास्त ६० टक्के आकाराचं असतं आणि हवेचा वेग सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतच नेता येतो. थडथड त्याहून मोठ्या वेगाला होत होती. जूनमध्ये बाकूच्या शर्यतीनंतर लुईस हॅमिल्टनला पाठदुखीमुळे मर्सिडीजमधून उतरणंही कठीण झालं. मोटार रेसिंगची नियामक संस्था एफआयएने त्याच हंगामात उसळी मोजण्याचं परिमाण लागू केलं आणि २०२३साठी तळाच्या कडा १५ मिलिमीटर वर उचलल्या. रेड बुलला हा त्रास तुलनेने कमी झाला. त्यांचे तेव्हाचे रचनाकार एड्रियन न्यूई विद्यार्थिदशेत साउदॅम्प्टन विद्यापीठात ग्राउंड इफेक्टवरच प्रकल्प करून आले होते, हा योगायोग खासच म्हणावा लागेल.

खाली जाण्याच्या या हव्यासाला लगाम घालणारी एक फळी असते. १९९४च्या हंगामात, चालक सेन्नाच्या मृत्यूनंतर, फॉर्म्युला वन गाड्यांच्या पोटाखाली १० मिलिमीटर जाडीची फळी बसवणं सक्तीचं झालं. गाडी फार खाली ठेवली की फळी झिजते, आणि ९ मिलिमीटरच्या खाली गेली की निकाल रद्द. त्याच वर्षी बेल्जियममध्ये मायकेल शूमाकरचा विजय असा गेला. २०२३ साली ऑस्टिनच्या खडबडीत ट्रॅकवर हॅमिल्टन आणि लेक्लेर बाद झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये लास वेगासला दुसरा आलेला लँडो नॉरिस आणि चौथा आलेला ऑस्कर पियास्त्री हे मॅक्लरेनचे दोघेही बाद ठरले. नॉरिसच्या गाडीत सापडलेली सर्वांत मोठी कमतरता ०.१२ मिलिमीटर होती. जगज्जेतेपदाच्या शर्यतीतले अठरा गुण कागदाच्या जाडीइतक्या फरकाने गेले. आयरेसिंगमध्ये किमान उंचीची तपासणी गॅरेजमध्येच होते आणि नापास गाडी ट्रॅकवर जातच नाही; शिकणाऱ्यासाठी ती सोय आहे, पण झिजेची ही धास्ती तिथे अनुभवाला येत नाही.

हे सगळं महाराष्ट्रातल्या मुलाने शिकायचं कुठे? राज्यात फॉर्म्युला गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय शर्यती घेता येतील असा कायमस्वरूपी ट्रॅक नाही. कोल्हापूरने मोहिते कुटुंबाच्या कार्टिंग ट्रॅकमुळे मराठी मुलांना चाकामागे बसवलं. तिथलाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. पण कार्टच्या वेगाला हवेचा दाब नगण्य, त्यामुळे हा धडा तिथे मिळत नाही. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झालं, जालन्याहून हजार किलोमीटरपेक्षा लांब आहे. राहतात दोन दारं. एक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या फॉर्म्युला स्टुडंट संघांचं: आयआयटी मुंबईचा रेसिंग संघ, विद्याविहारच्या सोमय्या महाविद्यालयाचा ओरायन रेसिंग इंडिया. ही मुलं गाडी स्वतः रचतात, स्वतः वेल्डिंग करतात आणि कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’मध्ये उतरवतात. तिथल्या नियमांत चालक बसलेला असताना किमान ३० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आणि चाकांना किमान ५० मिलिमीटर हालचाल लागते. वळणावळणाचा ट्रॅक आणि माफक वेग असल्यामुळे त्या गाड्यांवर भलेमोठे पंख दिसतात.

दुसरं दार सिमचं, आणि ते घराघरांत उघडू शकतं. सेटअपचा सराव एकट्याने करायचा तर असेटो कोर्साला इंटरनेटही लागत नाही. इथे गाडीचं पोट घासलं तर पैसा जात नाही, आणि एका संध्याकाळी वीस वेगवेगळ्या उंच्या तपासता येतात. खऱ्या संघाला तेवढ्यासाठी ट्रॅक, टायर आणि माणसं उभी करावी लागतात. हा मार्ग पोकळ नाही याचा पुरावा ताजा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफवर मॅक्स वेर्स्टापेनबरोबर फेरारी जीटी३ गाडीत जिंकलेला त्याचा जोडीदार ख्रिस लुलहॅम हा सिम रेसिंगमधूनच वर आलेला तरुण आहे.

कामाची पद्धत मात्र शिस्तीची हवी. लांब सरळ रस्ता आणि निदान एक वेगवान वळण असलेला ट्रॅक घ्यावा. इंधन शर्यतीच्या सुरुवातीइतकं भरावं, कारण भरलेली टाकी गाडीला काही मिलिमीटर खाली बसवते आणि शेवटच्या फेऱ्यांत गाडी वर येते. टायर तापून त्यांचा दाब स्थिर होईपर्यंत थांबावं. दाब वाढला की टायर फुगतो आणि उंची बदलते. मग टेलिमेट्रीच्या, म्हणजे फेरीभर नोंदवलेल्या आकड्यांच्या, आलेखात फक्त एक गोष्ट बघावी: सरळ रस्त्याच्या शेवटी, ब्रेक मारण्याच्या क्षणी आणि वळणाच्या मध्यात पुढची-मागची उंची किती होती. आयरेसिंगच्या काही गाड्यांत एअरो कॅल्क्युलेटर असतो. धावतानाच्या या दोन उंच्या त्यात भरल्या की दाबाचा किती टक्के तोल पुढे आहे ते कळतं. बदल एका वेळी एकच, आणि तोही फेरीच्या वेळेआधी या आलेखावर तपासलेला. नवखे नेमकं उलटं करतात. कुणा जलद खेळाडूचा सेटअप उतरवून घेतात आणि त्याच्या ब्रेक मारण्याच्या सवयीसाठी बेतलेली उंची आपल्या गळ्यात बांधून घेतात.

मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. पुष्कळ सिममध्ये हवेचं गणित तक्त्यातून येतं: अमुक पुढची उंची, अमुक मागची उंची, म्हणून एवढा दाब. खरी हवा याहून चंचल असते. शेजारची गाडी, आडवा वारा, फाटलेला स्प्लिटर यांनी ती क्षणात बदलते. सिममध्ये कड्याच्या टोकावर चालणारा सेटअप खऱ्या ट्रॅकवर तिथेच ठेवणं धोक्याचं आहे. म्हणून खरे संघ सिममधून निघालेल्या उंचीवर काही मिलिमीटरची सूट ठेवतात आणि ट्रॅकवरच्या पहिल्या सत्रानंतर गाडी हळूहळू खाली आणतात.

२०२६पासून फॉर्म्युला वनच्या नियमांनी व्हेंच्युरीचे ते लांब बोगदे काढून तळ पुन्हा बराचसा सपाट केला आहे. तळाची ओढ कमी, उंचीची संवेदनशीलता वेगळी, रेकला पुन्हा वाव. नव्या गाड्या सिममध्ये येतील तेव्हा त्यांचे तक्तेही नव्याने लिहावे लागतील, आणि चार हंगाम घोटून बसवलेल्या जुन्या उंच्या तिथे लागू पडणार नाहीत. पहिली फेरी पुन्हा वरच्या उंचीवरून सुरू करून एकेक मिलिमीटर खाली यावं लागेल.